माल आमचा, धोकाही आमचाच

फेब्रुवारीच्या अखेरीस दिंडोरी-निफाड भागातल्या कुठल्याही पॅकहाऊसमध्ये गेलात की लांबच लांब टेबलांवर बायका डोक्याला जाळीच्या टोप्या घालून द्राक्षांचे घड विंचरताना दिसतात. हातात बारीक कात्री. अठरा मिलिमीटरपेक्षा लहान मणी काढायचा, तडकलेला काढायचा, गुलाबी झाक असलेला काढायचा, देठ सुकलेला घड बाजूला टाकायचा. मग पाचशे ग्रॅमचा पनेट, म्हणजे प्लास्टिकचा छोटा डबा भरायचा, आणि त्यावर जर्मनीतल्या नाहीतर हॉलंडमधल्या सुपरमार्केट साखळीचं लेबल लावायचं. लेबल इथंच लागतं. पनेट मात्र त्या साखळीचा होतो तो युरोपातल्या गोदामात, तिथल्या तपासनिसाने मान डोलावल्यावर.

मधल्या काळात माल समुद्रावर असतो. सुएझमार्गे रॉटरडॅमला पोचायला तीन-साडेतीन आठवडे धरले जायचे. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला, भाडं वाढलं, द्राक्षाचं आयुष्य मात्र वाढलं नाही. तिकडे कंटेनर उघडल्यावर देठ तपकिरी निघाले, मणी गळालेले निघाले, तर पुन्हा निवडून पुन्हा पॅक करण्याचा खर्च, टाकून दिलेल्या मालाची किंमत आणि आयातदाराचं कमिशन हिशोबातून वजा होतं. बराचसा माल ठरलेल्या भावाने जातच नाही. तिकडे विकला जाईल त्या भावाने पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब येतो. शेतकऱ्यांची कंपनी स्वतः निर्यात करत असेल तर ती कपात थेट तिच्या अंगावर येते. निर्यातदाराने बांधावर दर ठरवून माल उचलला असेल तर ती राहिलेल्या हप्त्यातून किंवा पुढच्या हंगामाच्या दरातून खाली उतरते. वाट कुठलीही असली तरी उतरण ज्याने वर्षभर बाग सांभाळली त्याच्याकडेच आहे.

सुपरमार्केट भाव पाडतात ही तक्रार जुनी आहे आणि खोटीही नाही. पण माझ्या मते त्यांची खरी ताकद भावाच्या आधीच्या टप्प्यावर आहे. पिकवण्याचा, साठवण्याचा, वाहून नेण्याचा सगळा धोका दुसऱ्याच्या माथी राहील आणि ‘नको’ म्हणायची मुभा शेवटच्या क्षणापर्यंत आपल्या हाती राहील, अशी व्यवस्था त्यांनी उभी केली आहे. एकदा ही व्यवस्था बसली की भाव पाडावा लागत नाही, तो आपोआप पडतो. नाशवंत माल दारात उभा असलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही.

हे जमतं, कारण दारं फार थोडी आहेत. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने 2014 साली केलेल्या पाहणीत एडेका, रेवे, आल्डी आणि लिडलचा मूळ श्वार्झ समूह या चौघांकडे तिथल्या किराणा-अन्न विक्रीचा सुमारे 85 टक्के हिस्सा असल्याचं दिसलं. इकडे हजारो बागायतदार, मध्ये काही मोजके आयातदार आणि पलीकडे चार दारं. आयातदारही स्वतंत्र नाही; त्यातलं एक दार बंद झालं तर त्याचा अर्धा धंदा बसतो, म्हणून तो दाराकडून आलेली प्रत्येक अट तशीच्या तशी मागे ढकलतो.

औषधांच्या अवशेषांचं प्रकरण याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो. 2010 साली नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपल्या बागायतदारांच्या बोलीतलं लिहोसिन, युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंटेनर अडकले. वेलीची वाढ रोखायला छाटणीनंतर हे वर्षानुवर्षं वापरलं जात होतं. अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, 2006 पासून ग्रेपनेट ही नोंदणी आणि तपासणीची यंत्रणा उभी केली होती, पण तिच्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतं. चूक व्यवस्थेची होती. पैसे अडकले, बुडाले ते शेतकऱ्यांचे, आणि कर्जं चढली तीही त्यांच्याच सातबाऱ्यावर. तरीही त्या प्रकरणात एक गोष्ट स्पष्ट होती: मर्यादा सरकारी होती, छापील होती, सगळ्यांना सारखी होती. त्यानंतर बागायतदारांनी औषधांची शिस्त मनापासून अंगी बाणवली. कुठलं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं हे आज नाशिकचा शाळकरी पोरगाही सांगतो.

पण कायद्याची मर्यादा पाळून भागत नाही. जर्मनीतल्या काही साखळ्यांनी स्वतःची वेगळी मर्यादा घातली आहे. कायद्याने परवानगी दिलेल्या प्रमाणाच्या एक तृतीयांशापर्यंतच अवशेष चालतील. शिवाय एका नमुन्यात सापडणाऱ्या औषधांची संख्याही चार-पाचाच्या वर जाता कामा नये. पर्यावरणवादी संघटनांनी तिथल्या फळांचे नमुने तपासून जाहीर केले, साखळ्यांची नाचक्की झाली, आणि गिऱ्हाईक राखण्यासाठी त्यांनी कायद्यापेक्षा कडक नियम केले. ऐकायला हे चांगलंच वाटतं. कमी विष कुणाला नको आहे?

आता हाच नियम बागेत उभं राहून बघा. फळछाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, जसा 2019 साली झाला, की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. पानामागे पांढरी बुरशी दिसली की हाताशी दोन-तीन दिवस असतात. घडावर उतरली तर घड गेला. रोगशास्त्र सांगतं की एकच औषध परत परत मारू नका, वेगवेगळ्या गटांतली आलटून पालटून वापरा, नाहीतर बुरशी त्याला दाद देईनाशी होते. साखळीचा नियम उलटं सांगतो: सापडणाऱ्या औषधांची संख्या कमी ठेवा. शास्त्राचं ऐकलं तर नमुन्यात सहा नावं येतात, प्रत्येक नाव मर्यादेच्या कितीतरी खाली, आणि माल नाकारला जातो. साखळीचं ऐकलं तर तेच ते औषध पुन्हा मारावं लागतं आणि दोन वर्षांनी ते बागेत चालेनासं होतं. सहा औषधांचे अगदी बारीक अंश दोन औषधांच्या मोठ्या अंशांपेक्षा घातकच असतात असं सरसकट म्हणता येत नाही. ही संख्या आरोग्यापेक्षा बातमीच्या मथळ्याला घाबरून ठरलेली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती ठरवताना ज्याच्या बागेत डाऊनी येतो त्याला कुणी विचारलेलं नाही.

प्रमाणपत्रांचंही तसंच. 1997 साली युरोपातल्या किरकोळ साखळ्यांनी एकत्र येऊन युरेपगॅप हे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र सुरू केलं, 2007 साली त्याचं नाव ग्लोबलगॅप झालं. कागदोपत्री ते ऐच्छिक आहे. पण ते नसेल तर माल घेणारं दार उरत नाही, म्हणजे व्यवहारात सक्तीचंच. तपासनिसाची फी, नोंदवह्या, औषधांची वेगळी खोली, पाण्याचे आणि मातीचे अहवाल, हा सगळा खर्च पिकवणाऱ्याचा. चार एकरवाल्याला तो एकट्याने झेपत नाही, म्हणून गट करावे लागले. त्यातून शेतकऱ्यांच्या कंपन्या उभ्या राहिल्या, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी मोठी संस्था उभी राहिली. हे श्रेय मी नाकारत नाही. फवारणी करणाऱ्या मजुराला हातमोजे आणि मास्क मिळाले, पॅकहाऊसमध्ये स्वच्छतागृहं आली, हिशोबाची सवय लागली. निर्यातीच्या मालाला बहुतेक हंगामांत लोकल मालापेक्षा बरा दरही मिळतो. पण शिस्त शिकवली म्हणून सगळा धोका एकाच बाजूला ढकलायचा हक्क मिळत नाही.

कुणी म्हणेल, गरीब देशातल्या शेतकऱ्याचं असंच व्हायचं. मग ब्रिटनकडे बघा, जिथं शेतकरीही त्यांचा आणि दुकानही त्यांचंच. 2023 च्या फेब्रुवारीत तिथल्या टेस्को, अस्डा, मॉरिसन्स, आल्डीने टोमॅटो-काकडीवर माणशी मर्यादा घातली. स्पेन आणि मोरोक्कोत थंडीने माल कमी आला, हे एक कारण. दुसरं कारण घरचंच होतं: गॅस महागल्यामुळे हरितगृह तापवणं परवडेना, साखळ्या वाढीव दर द्यायला तयार नव्हत्या, म्हणून कित्येक ब्रिटिश उत्पादकांनी काचघरं रिकामीच ठेवली. वर्षभराने, 2024 च्या जानेवारीत, तिथल्या शेतकऱ्यांनी संसदेसमोर 49 बुजगावणी उभी केली. येत्या वर्षभरात आपलं शेत बंद पडेल अशी भीती तिथल्या 49 टक्के फळ-भाजी उत्पादकांना वाटत होती. त्यांच्या मागण्या वाचल्या तर नारायणगावच्या टोमॅटोवाल्यानेच लिहिल्यात असं वाटावं. जेवढा माल घ्यायचं कबूल केलं तेवढा घ्या. जो भाव कबूल केला तो द्या. पैसे वेळेवर द्या.

ब्रिटनचं उदाहरण मी फक्त दुःख मोजायला आणलेलं नाही. त्यांनी यावर काहीतरी केलं, आणि ते आपल्या कामाचं आहे. तिथल्या स्पर्धा आयोगाने 2000 साली चौकशी करून एक फार मोलाचा निष्कर्ष काढला: एखाद्या साखळीकडे किराणा खरेदीचा अवघा 8 टक्के हिस्सा असला तरी पुरवठादाराला वाकवण्याइतकी ताकद तिच्यात येते. मक्तेदारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पन्नास-साठ टक्के येतात. नाशवंत मालात एवढी गरजच नसते. 2010 पासून तिथं मोठ्या साखळ्यांवर बंधनकारक संहिता आली, 2013 च्या कायद्याने तिची अंमलबजावणी पाहणारा स्वतंत्र लवाद-अधिकारी आला. या अधिकाऱ्याने 2016 च्या जानेवारीत टेस्कोविरुद्ध निकाल दिला: पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून रखडवून संहितेचा गंभीर भंग केला. दंड झाला नाही, कारण दंडाचा अधिकार घटनेनंतर मिळाला होता. पण आता तो आहे आणि तो ब्रिटनमधल्या उलाढालीच्या 1 टक्क्यापर्यंत जातो.

या संहितेत एक मोठं भगदाडही आहे. ती साखळीच्या थेट पुरवठादारालाच संरक्षण देते. आयातदारामार्फत माल पाठवणारा नाशिकचा बागायतदार त्यात बसत नाही, आणि केंटमधला लहान सफरचंदवालाही पॅकरमार्फत विकत असेल तर बसत नाही. म्हणजे ज्याच्यावर सगळं उतरतं तो कायद्याच्या बाहेर. ऑस्ट्रेलियातली चौकशीही ताजी आहे. तिथं वूलवर्थ्स आणि कोल्स या दोघांकडेच बाजाराचा 67 टक्के हिस्सा. 2025 च्या मार्चमध्ये आलेल्या अहवालाने उत्पादकांची अडचण नेमकी मांडली: साखळी हंगामाआधी मागणीचा अंदाज देते, शेतकरी त्यावर लागवड करतो, पण अंदाज कुणालाच बांधील नसतो आणि भाव आठवड्या-आठवड्याला ठरतो.

युरोपीय संघाने 2019 साली अनुचित व्यापारी प्रथांविरुद्धचा निर्देश काढला, तो आपल्या निर्यातदारांनी भिंतीवर लावावा असा आहे. नाशवंत मालाचे पैसे 30 दिवसांत द्यायचे. 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीत नाशवंत मालाची ऑर्डर रद्द करायची नाही. अटी एकतर्फी बदलायच्या नाहीत. आपल्या ताब्यात आल्यावर, पुरवठादाराची चूक नसताना माल खराब झाला तर त्याचे पैसे पुरवठादाराकडून कापायचे नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे पुरवठादार युरोपबाहेरचा असला तरी हे संरक्षण त्याला आहे, उलाढालीत तो खरेदीदारापेक्षा पुरेसा लहान असला की झालं. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायची सोय आहे, त्याच्या वतीने संघटनेलाही तक्रार करता येते. मग आपल्या द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यांत याची चर्चा का होत नाही? औषधांच्या फवारणीचं वेळापत्रक गावोगाव वाटलं जातं, तसं या कलमांचं मराठी पत्रक अपेडाने आणि पणन मंडळाने वाटलं पाहिजे. नियम पाळायला शिकवणारी सरकारी यंत्रणा त्याच नियमांच्या मुलखातले हक्कही सांगायला बांधील आहे.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे फळं-भाजीचा फार मोठा भाग अजून हातगाडी, आठवडी बाजार आणि बाजार समितीतूनच जातो. पण 2006 नंतर साखळी दुकानं आली, मग घरपोच किराणा आला, आता मुंबई-पुण्यात दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. या सगळ्यांची खरेदी गावातल्या कलेक्शन सेंटरवर होते. मी जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात पाहिलेली पद्धत सांगतो, कंपनी कुठलीही घ्या. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर उद्याचा इंडेंट, म्हणजे मालाची मागणी येते: फ्लॉवर अमुक क्रेट, काकडी अमुक. लेखी करार नसतो. शेतकरी पहाटे तोडणी करून माल आणतो. सेंटरवरचा मुलगा एक-एक गड्डा हातात घेऊन निवडतो. वजनात बसणारा, डाग नसलेला घेतो, उरलेला परत. कधी सकाळी फोन येतो की वरून इंडेंट कमी झाला, आज निम्माच घेऊ. तोवर माल तुटलेला असतो. मग उरलेला, निवडून उरलेला, माल टेम्पोत घालून शेतकरी नारायणगाव-मंचरच्या बाजारात जातो, उशिरा पोचतो आणि मिळेल त्या भावाने देतो. सेंटरचा भाव बाजार समितीतल्या भावाला दोन पैसे जोडून ठरलेला. म्हणजे भाव शोधण्याचं काम बाजार समितीने करायचं, नाकारलेला माल खपवण्याचं कामही तिनेच करायचं, आणि पहिल्या प्रतीचा माल तेवढा बाहेरच्या बाहेर जायचा. पहिल्या प्रतीचा माल जसजसा बाहेर जाईल तसा समितीतला भाव हलक्या मालाचा भाव होईल, आणि त्यालाच जोडलेला सेंटरचा भावही त्याच्याबरोबर खाली येईल.

बाजार समित्यांची भलामण मला करायची नाही. आडत, तोलाई, हमाली, कटती, व्यापाऱ्यांची एकी, हे सगळं शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या सोसलं आहे. बांधावरून द्राक्षं उचलून पैसे न देता पसार होणारे व्यापारीही नाशिकने भरपूर पाहिलेत. पण समितीत निदान उघडा लिलाव आहे, वजनकाटा तपासायची सोय आहे, आणि पैसे चुकते करण्याचा नियम कागदावर आहे. 2016 साली महाराष्ट्राने फळं आणि भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला वाट मोकळी झाली, ते योग्यच होतं. मात्र आवाराबाहेर पडल्यावर त्याच्या हातात कुठलाच नियम उरला नाही. ना ऑर्डर लेखी हवी, ना माल नाकारल्याचं कारण द्यायला हवं, ना पैशाला मुदत.

2020-21 च्या कृषी कायद्यांवरच्या वादात आपण वर्षभर सरकार विरुद्ध बाजार एवढंच भांडलो. समर्थकांना वाटलं, खरेदीदार वाढले की शेतकरी सुटला. विरोधकांना वाटलं, समिती टिकली की शेतकरी वाचला. मोठ्या खरेदीदाराच्या वागण्यावर बंधन काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कडेला राहिला. कंत्राटी शेतीच्या कायद्यात वाद प्रांताधिकाऱ्यापुढे न्यायचा होता आणि दिवाणी न्यायालयाचं दार बंद होतं. शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहणारा स्वतंत्र अधिकारी त्यात कुठेच नव्हता. कायदे मागे घेतले गेले, प्रश्न तिथंच राहिला.

शेती आणि बाजार हे राज्याचे विषय आहेत. महाराष्ट्राला दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. एका ठरावीक उलाढालीच्या वरच्या प्रत्येक साखळीला आणि घरपोच कंपनीला लागू होईल अशी छोटी संहिता पुरेशी आहे. इंडेंट गेला की तो करार. तोडणी झाल्यावर कमी करायचा असेल तर फरकाचे पैसे द्यायचे. माल नाकारला तर कारण, वजन आणि फोटो त्याच वेळी पावतीवर, आणि प्रत कशाने ठरते त्याचा तक्ता सेंटरच्या दारावर मराठीत. पैसे आठवड्याच्या आत. संरक्षण थेट पुरवठादारापुरतं नाही, मधला एजंट असला तरी मूळ शेतकऱ्यापर्यंत. तक्रार शेतकरी कंपनीला किंवा संघटनेला निनावी करता यावी, कारण सेंटर गावात एकच असतं आणि तक्रार केलेल्याचा माल दुसऱ्या दिवसापासून हमखास ‘सी ग्रेड’ होतो. आणि दंड उलाढालीच्या टक्क्यांत, कारण पाच-दहा हजारांचा दंड या कंपन्यांच्या चहापाण्याच्या खर्चात बसतो.

यावर पहिला आक्षेप भाववाढीचा येईल. थोडी होईलही. पण आज कुजून जाणारा, परत पाठवलेला, दोनदा वाहिलेला माल कुणीतरी सोसतोच आहे. त्या खर्चाची वाटणी बदलेल. आणि ब्रिटनच्या रिकाम्या काचघरांनी दाखवलं की उत्पादक बसला की ग्राहकालाही टोमॅटो मोजून मिळतात. दुसरा आक्षेप कंपन्यांकडून येईल: इतकी बंधनं घातलीत तर आम्ही खरेदी बंद करू. ब्रिटनमध्ये ही संहिता 2010 पासून आहे. तिच्यामुळे टेस्कोने भाजी विकणं थांबवलेलं नाही.